काय आणलंस आज?

मोशीत येऊन हर्षाली बोराटेचं घर विचारलंत, तर समोरचा आधी डोकं खाजवील आणि मग म्हणेल, "थांब्यावरची ताई व्हय? मग तसं सांगा की राव!" बाई डॉक्टरेट झाली, पुण्यात माइकसमोर उभी राहून बोलली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण गावानं तिला पदवी दिली ती ही. खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही हीच जास्त आवडायची.

बाळाजी बोराट्यांची ही एकुलती लेक. बोराट्यांची जमीन थोडी रस्त्यात गेली, थोडी बिल्डरकडे गेली, आणि उरल्या तुकड्यावर बाळाजींनी पत्र्याच्या खोल्या बांधून भाडेकरू ठेवले. परभणीचे, जालन्याचे, बीडचे, लातूरचे. भोसरीच्या नाहीतर चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारे. हर्षाली त्यांच्याच पोरींबरोबर लंगडी खेळत वाढली. आणि दरवर्षी तिची एखादी मैत्रीण मधूनच नाहीशी व्हायची. बापाची कंपनी बदलली, खोली बदलली, शाळा सुटली, संपलं. इतर कुणाला त्याचं काही वाटत नसे. हिला वाटे, आणि पुढं त्या वाटण्याचाच तिनं अभ्यास केला.

बरोबरीच्या पोरी बँकेच्या परीक्षा देत होत्या, आणि ही बया कंपनीच्या बसथांब्यावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्या बायांना विचारत होती, "मावशी, तुमचं लेकरू शाळेत का जात नाही?" लोक हसायचे. बाळाजीही म्हणायचे, "हर्षे, आगं लगीन कर, म्हंजी सोताचं लेकरू शाळंत घालशील." पण तिनं नाद सोडला नाही. तिला कळलं ते साधंच होतं. शाळा या माणसांना काही विचारतच नव्हती. पालकसभा ठेवणार सकाळी अकराला. अकराला आई मशीनवर उभी, बाप रात्रपाळी करून आडवा. आणि मग साहेब लोक लिहिणार, पालकांना आस्था नाही! अरे, आस्था काय घंटा वाजली की धावत येते?

म्हणून तिनं सभाच थांब्यावर नेली. पहिली पाळी सुटून बसमधून उतरणारे आणि दुसऱ्या पाळीला त्याच बसमध्ये चढणारे, यांच्यामध्ये जो थोडका वेळ असतो, तेवढ्यात. उतरलेले दमून फुटपाथवर टेकायचे, जाणारे डबा हातात धरून उभे राहायचे. शाळा कितीला भरावी, दिवाळीला गावी गेलेली पोरं उशिरा आली तर काय करावं, सगळं तिथं ठरायचं. बसचा ड्रायव्हरसुद्धा हॉर्न न वाजवता थांबू लागला.

आणि शाळा भरायची कुठं? बोराट्यांच्या गोठ्यात. गोठा बाळाजींनी आपणहून दिला. "गुरं तर राह्यली न्हाईत. पोरं बसतील, गोठ्याला तेवढीच जाग," म्हणाले, आणि स्वतः बादली घेऊन भिंतींना चुना लावला. भाडं घ्यायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्याबद्दल पुढं जे सांगायचं आहे, ते ऐकताना एवढं ध्यानात असू द्या.

शाळेच्या पहिल्या दिवशी एक पोरगी दारातच अडली. दप्तर नाही, पाटी नाही, फ्रॉकची मागची बटणं तुटलेली. काही केल्या आत येईना. हर्षाली तिच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "बरं, मग काय आणलंस आज?" पोरीनं बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरली, आणि म्हणाली, "गाणं."

"मग ये की आत. गाणं काय बाहेर ठेवतात होय?"

ती दिव्या. शेवटच्या खोलीतल्या पुनमची मुलगी. त्या दिवसापासून गोठ्याचा रिवाजच पडला. दारात उभं राहून हर्षाली किंवा तिच्या हाताखालची बाई प्रत्येक पोराला विचारणार, "काय आणलंस आज?" कुणी कोडं आणी, कुणी बापाच्या कंपनीतल्या यंत्राचं नाव, कुणी गावाकडच्या आजीकडून फोनवर ऐकलेला शब्द, कुणी नुसतंच रात्रीचं भांडण. त्यातूनच त्या दिवसाचा धडा निघायचा. रिकाम्या हातानं कुणी येतच नव्हतं, कारण सांगायला काहीच नाही असं पोर अजून जन्माला यायचंय.

पुनम परभणीकडची. एका कंपनीत पॅकिंगला होती. नवरा ज्योतीराम पार्ट बनवायच्या कारखान्यात कंत्राटावर. थांब्यावरच्या सभेत पहिल्यांदा तोंड उघडलं ते तिनं, आणि मग ते बंद म्हणून झालं नाही. पालकांच्या कमिटीची ती पुढारी झाली. हर्षालीच्याच वयाची. दोघींचं मेतकूट असं जमलं की हर्षाली घरी कमी आणि पुनमच्या उंबऱ्यावर जास्त सापडायची. "ताई," पुनम म्हणायची, "हे लेकरू शाळंतून आलं की मलाच शिकवायलंय बगा. मी रागवाय गेले तर म्हंते, आई, तू काय आणलंस ते आदी सांग!"

दिव्या बाळाजींना मालकआजोबा म्हणायची. संध्याकाळी ते अंगणात शेंगा फोडत बसले की ही हजर. तेही मग शाळेची नक्कल करायचे, "काय आनलंस गं भवाने?" तिनं गाणं म्हणायचं आणि त्यांनी ओंजळभर शेंगा द्यायच्या. म्हातारा त्या पोरीवर जीव टाकायचा, हे सगळ्या आळीला माहीत होतं.

मग दैव उघडलं म्हणायचं की फुटलं, तुम्हीच ठरवा. गोठ्यातल्या शाळेची कीर्ती पसरली. हर्षालीचा प्रबंध कुणी वाचला, कुणी बघायला आलं, आणि एका कंपनीच्या सामाजिक निधीतून पक्की इमारत मंजूर झाली. तीन मजले, संगणक, मोठं पटांगण, फी एक पैसा नाही. कारभाराला मंडळ नेमलं, लक्ष्मणराव म्हणून एक निवृत्त अधिकारी त्याचे अध्यक्ष आणि हर्षाली एक सभासद. नवी शाळा म्हणून सगळ्यांचे प्रवेश नव्यानं व्हायचे होते. पाटी लागायच्या आधीच आसपासच्या मोठ्या सोसायट्यांतून फोन सुरू झाले. हर्षाली धास्तावली. गाडीवाले लांबलांबून येतील आणि जागा अडवतील, आपली पोरं राहतील बाजूला.

म्हणून तिनंच मंडळापुढं नियम मांडला, की शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांना आधी घ्यायचं.

"उत्तम," लक्ष्मणराव म्हणाले. "फक्त राहतात कशावरून? आईबापाच्या नावचं लाइटबिल किंवा रजिस्टर केलेला भाडेकरार, दोन्हीपैकी काहीतरी एक दाखवावं लागेल."

"चालेल," हर्षाली म्हणाली.

आता काय म्हणावं या बाईला! अख्खा जन्म मालकाच्या घरात गेला. बोराट्यांच्या खोल्यांतल्या एकाही भाडेकरूच्या हातात कधी कागद पडला नाही, सगळ्या खोल्यांना मिळून एकच मीटर आणि तो बाळाजींच्या नावावर, हे तिला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. अंगणातला कडुनिंब ठाऊक असतो तसं. भाडेकरू का जातात यावर तिनं एवढा मोठा प्रबंध लिहिला, आणि मालक कागद का देत नाहीत, हे एकदाही आपल्या बापाला विचारलं नाही.

त्याला कारण होतं. तिचे आजोबा कोंडीराम, त्यांची इंद्रायणीच्या काठाला गाळाच्या जमिनीची मळई होती, सोन्यासारखी. ती त्यांनी एकाला अर्ध्या वाट्यानं कसायला दिली. कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर चढलं, कूळ लागलं, आणि मळई गेली. तेव्हापासून बोराट्यांच्या घरात दंडकच झाला, व्यवहार जिभेवर करायचा, कागदावर दुसऱ्याचं नाव येऊ द्यायचं नाही. एकट्या बोराट्यांचंच असं नाही, सबंध आळीची हीच तऱ्हा. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. इथं तोंड बापाचं पोळलं होतं, आणि ताक लेक फुंकत होता.

पुनम एक दिवस विचारायला आली. "ताई, हे भाडेकरार म्हंजे काय अस्तंय? नव्या शाळंत मागायलेत." आपण काय करून बसलो ते हर्षालीला त्या क्षणी लख्ख कळलं. तरी ती हसली आणि म्हणाली, "मी आहे ना. आण्णांना सांगते. तू दिव्याचा फ्रॉक शिवायला टाक."

त्याच संध्याकाळी तिनं बापापुढं विषय काढला. "आण्णा, पुनमला भाडेकरार करून द्यायचाय."

बाळाजींचा शेंगा फोडणारा हात थांबला. "कशापायी?"

"शाळेत दाखवायला. अकरा महिन्यांचा असतो. त्यानं काही होत नाही."

"माज्या बापालाबी आसंच सांगितलं व्हतं. काय व्हत न्हाई."

"ते शेताचं होतं, आण्णा. खोलीला कूळ लागत नाही. मी वकिलांना विचारलंय."

"कायदा मला नगं शिकवू. मळई गेली तवा माजा बाप रोज तितं जाऊन बसायचा, दुसऱ्याच्या बांधावं. मी भाकरी घिऊन जायचो आन् त्याला हाताला धरून उठवून आनायचो. तू न्हाई बघितलं ते."

"दिव्याची शाळा जाईल, आण्णा." हर्षाली म्हणाली. "तुमची दिव्या."

बाळाजींनी मांडीवरची टरफलं झाडली. मग म्हणाले, "त्या पोरीत माजा जीव हाय. गोठा दिला, उंद्या म्हनलीस तर ऱ्हातं घर दीन. पर कागद मागू नगंस पोरी. म्या जित्ता हाय तवर न्हाई."

ती लक्ष्मणरावांकडे गेली. थांब्यावरच्या सभेचा दाखला चालवा, गोठ्यातल्या पोरांना तेवढी सूट द्या, म्हणून हातापाया पडली. ते सभ्य गृहस्थ. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, नियम तुमचाच आहे. एकाला सूट दिली तर उद्या सोसायटीवाले कोर्टात उभे राहतील." ती चहा तसाच टाकून उठली.

मग तिला जे येत होतं तेच तिनं केलं. थांब्यावर सभा घेतली. म्हणाली, सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी आपापल्या मालकाकडे करार मागा. एकट्याला नाही म्हणतील, सगळ्यांना कसे म्हणतील? पुनमनं जोरात साथ दिली. दुसऱ्या पाळीची बस त्या दिवशी टाळ्यांत निघाली.

आणि मालक बिथरले. सगळेच एकदम कागद मागतायत, म्हणजे खोल्या बळकवायचा डाव आहे! देवळापुढं माणसं जमली. दादासाहेब म्हणून पलीकडच्या आळीतले एक मालक होते, ते सगळ्यांदेखत म्हणाले, "बाळाजी, तुजी पोरगीच फितूर हाय. आता खोल्या रिकाम्या करायची सुरवातबी तूच कर, न्हाई तर तुज्या पोरीपायी आमी सगळे बुडायचो." बाळाजींनी मान खाली घातली. ज्या माणसाचा बाप दुसऱ्याच्या बांधावर बसून झुरला, त्याला हे शब्द कसे लागले असतील ते त्यालाच माहीत.

हर्षाली त्या दिवशी पुण्याला होती. कसल्याशा परिसंवादात, वस्तीनं चालवलेल्या शाळेवर बोलायला. माणसं उभं राहून टाळ्या वाजवत होती, आणि इकडं बाळाजी पुनमच्या दारात उभे राहून, तिच्या तोंडाकडे न बघता, म्हैनाअखेर खोली रिकामी करा म्हणून सांगत होते. रात्री हर्षाली बापाशी भांडली, रडली, जेवली नाही. बाळाजीही जेवले नाहीत. पण शब्द मागं घेतला नाही, आणि आठवड्याभरात सगळ्या आळीनं त्यांचा कित्ता गिरवला.

टेम्पो आला त्या दिवशी गाद्यांच्या वळकटीवर दिव्याला बसवलं होतं. नवा फ्रॉक तिच्या अंगावर होता. "ताई," ती वरून म्हणाली, "नव्या शाळंत कवा जायचं?"

"लवकर," हर्षाली म्हणाली. याहून वाईट शब्द ती आयुष्यात बोलली नसेल.

दिव्या मधेच खाली उतरली आणि बोराट्यांच्या दाराशी गेली. "मालकआजोबा, येते मी!" आतून कुणी ओ दिली नाही. पायरीवर तेवढी शेंगांची पिशवी ठेवलेली होती, गच्च भरून. पोरीनं ती उचलली आणि पळत टेम्पोकडे आली. ज्योतीरामनं मागचं फळकूट लावलं. पुनमनं हर्षालीचा हात धरला, आणि सोडून पुढं जाऊन बसली.

गोठा चालू ठेवायचा म्हटलं तरी पोरंच उरली नव्हती. जून महिन्यात नव्या शाळेचं उद्घाटन झालं. हर्षालीला हार घातला, शाल दिली. फाटकातून मुलं आत येत होती, इस्त्रीचे कपडे, पाठीवर रंगीत दप्तरं. गोड मुलं होती. त्यांच्या आईबापांनी सोसायटीच्या वकिलाकडून रीतसर करार करून घेतले होते, सगळी एक किलोमीटरच्या आतली. त्या बिचाऱ्यांचा काय दोष! आणि फाटकावर मोठ्या रंगीत अक्षरांत मंडळानं रंगवून घेतलं होतं, 'काय आणलंस आज?' ते वाचून हर्षाली सगळ्यांदेखत हमसून रडली. लोकांना वाटलं, बाईला आनंद सोसवेना. तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला.

तिनं मंडळ सोडलं आणि जुन्या पोरांचा शोध घ्यायला लागली. कोण कुठं, कोण कुठं, पांगली होती. बऱ्याच जणांचे नंबर लागत नव्हते. दसऱ्यानंतर ज्योतीरामचा फोन लागला. ती निघाली तेव्हा बाळाजींनी शेंगांची पुरचुंडी तिच्या पिशवीत टाकली. बापलेकीत हल्ली बोलणं असं नव्हतंच. पुनमची खोली त्यांनी परत कुणाला दिली नव्हती, कुलूप लावून ठेवली होती.

चाकणच्या पुढं, कारखान्यांच्या मागच्या बाजूला, लांबलचक चाळ होती. पुनमला त्या दिवशी सुट्टी होती. तिनं गळ्यात पडून स्वागत केलं, दूध आणायला शेजारी गेली, चहा टाकला. हर्षालीला वाटत होतं, हिनं दोन शिव्या द्याव्यात. तुझ्या जिभेपायी माझं घर मोडलं, असं म्हणावं. पुनम म्हणाली, "तुमी काय करताव, ताई. तुमी तर आमच्यासाटीच केलं. आमचंच नशीब खोटं." हे ऐकायला आपण कशाला आलो, असं हर्षालीला झालं.

"दिव्याची शाळा?"

"हाय की, हायवेच्या पल्याड. निस्ते ट्रक जातेत दिवसभर. न्यावं कुनी? माजी पाळी, ह्यांची पाळी. बारका बी अस्तो घरी, त्याला तीच बगती." पुनमनं चहा गाळला. "पुडल्या साली बगू."

पुढल्या साली बघू. हर्षालीनं हे वाक्य आपल्या प्रबंधात कितीतरी आयांच्या तोंडून लिहून घेतलं होतं, आणि खाली टीप दिली होती, की असं म्हटल्यावर पोर शाळेत परतल्याचं एकही उदाहरण आढळलं नाही.

बाहेरून पोरांचा गलका आला. दिव्याचा आवाज त्यात वेगळा कळत होता. "शाळा-शाळा खेळतेत," पुनम कौतुकानं म्हणाली. "रोजचंच हाय. ही बाई बनती."

हर्षाली दाराशी आली. बोळाच्या तोंडाशी दिव्या हातात काठी घेऊन उभी होती, तोच फ्रॉक, आता आखूड झालेला. समोर चाळीतल्या बारक्या पोरांची रांग. सगळ्यात पुढं तिचा भाऊ, नाक पुसत.

"काय आणलंस आज?" दिव्यानं विचारलं.

"गानं," भाऊ म्हणाला.

"गानं चालत नसतंय. कागद हाय का?"

"न्हाई."

"मग घरी जा. चल, पुढचं."

पोरगं मुकाट्यानं रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहिलं. पुढची मुलगी आली, म्हणाली, कोडं आणलंय. कोडं चालत नसतंय. तीही मागं गेली. मग पुढचा. आत कुणालाच घेतलं नाही. पोरं खिदळत होती, पुन्हापुन्हा रांगेत येत होती, आणि दिव्या सगळ्यांना परत पाठवत होती. खेळ एवढाच होता.

तिचं लक्ष गेलं. "ताई!" तोंडभर हसली. "खेळतीस? रांगेत उभी ऱ्हा पर."

हर्षाली उभी राहिली. नाही कसं म्हणणार? पोरं तिला बिलगली. रांग सरकली, तिचा नंबर आला. तिनं पिशवीतून शेंगांची पुरचुंडी काढून पुढं केली. "दिव्या, माझ्याकडं पण कागद नाही गं."

दिव्यानं काठी खाली घेतली आणि वाट सोडून बाजूला झाली.

"तुला लागत नसतंय," ती समजावून सांगावं तसं म्हणाली. "तू मालकाची ना."

हर्षाली आत गेली नाही. तिथंच उभी राहून ती पोरांसमोर ढसढसा रडायला लागली. मागच्या पोरांना काही कळेना, ती तिच्या पाठीला ढोसू लागली. "जा की ताई आत. आमचा नंबर थांबलाय."